कलाशिक्षक नसलेल्या शाळेत कलेचे वर्ष : कोकणातील लहान शाळांसाठी मार्गदर्शन

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीनुसार, सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांची संख्या शंभरांहून अधिक असेल, तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. कोकणात वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत आणि बहुतेक वाड्यांची शाळा स्वतंत्र आहे. त्यामुळे या अटीत न बसणाऱ्या शाळाच येथे अधिक आहेत. दोन शिक्षक, चार किंवा सात इयत्ता आणि एका खोलीत बसलेली वेगवेगळ्या वयांची मुले, हे तेथील नेहमीचे चित्र असते. अशा ठिकाणी कलेचा तास वेळापत्रकात असतो. प्रत्यक्षात मात्र तो गणिताच्या सरावाला, माहिती भरण्याच्या कामाला किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीला जातो.

दुसरीकडे, याच गावांच्या परिसरात दशावतार या लोकनाट्यातील कलावंत, मूर्तिकार, जाखडी या लोकनृत्याचे बुवा, मृदंग वाजवणारे, माडाच्या पानांचे झाप विणणाऱ्या बाया आणि लाकडावर काम करणारे कारागीर राहतात. शिक्षकाला स्वतःला चित्र काढता आले नाही तरी चालेल. त्याने वर्ष आखावे, तास राखावा आणि या माणसांना सन्मानाने वर्गात आणावे. ते कसे करावे, हे पुढे जून ते मे या क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : तास राखणे

आठवड्यातून सलग दोन तासिका, म्हणजे साधारण ऐंशी मिनिटे, एकाच दिवशी मिळतील अशी सोय करावी. चाळीस मिनिटांच्या सुट्या तासात साहित्य मांडण्यातच निम्मा वेळ जातो आणि मूल कामात रमू लागते तेव्हा घंटा होते. शनिवार सर्वांत सोयीचा. ज्या शाळांत शनिवार आनंददायी उपक्रमांसाठी ठेवला आहे, तेथे वेगळ्या परवानगीचीही गरज पडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांना स्थानिक कारागीर व कलावंतांबरोबर काम करू द्यावे, असे सुचवले आहे. उच्च प्राथमिक वर्ग असलेल्या शाळांनी हे दहा दिवस एकदम न वापरता कलावंतांच्या भेटींसाठी वर्षभर विभागून घ्यावेत.

स्नेहसंमेलनाची तालीम या तासात अजिबात घेऊ नये. ध्वनिमुद्रित गाण्यावर बसवलेला नाच मुलांना आवडतो आणि पालकांनाही आवडतो, हे खरे आहे. परंतु त्यात मूल दुसऱ्याने ठरवलेल्या हालचाली पाठ करते; स्वतः पाहणे, निवडणे, चुकले ते पुन्हा करून बघणे यांपैकी काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. वर्षभर तास नीट झाले, तर संमेलनात दाखवण्यासारखे काम आपोआप तयार असते.

दुसरी पायरी : गावातील कलावंतांची यादी

शाळा उघडताच चौथीपासून वरच्या मुलांना एक काम द्यावे. आपल्या वाडीत गाणारे, वाजवणारे, विणणारे, मूर्ती करणारे, नाटकात सोंग घेणारे, रांगोळी काढणारे कोण आहेत, ते आजीला आणि शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणावे. मोठ्या माणसांकडे अशी यादी मागितली, तर फक्त मंचावर दिसणारी नावे मिळतात. मुलांच्या याद्यांत मात्र चुडतापासून झाप विणणारी काकी येते, भात लावताना गाणी सुरू करून देणारी आजीही येते.

यादीतून वर्षासाठी चार ते पाच जणच निवडावेत आणि शिक्षकाने स्वतः त्यांच्या घरी जाऊन विनंती करावी. मानधनाचा विषय पहिल्याच भेटीत काढावा. दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला श्रीफळ आणि गुलाबपुष्प देऊन परत पाठवणे योग्य नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कलावंतांच्या मानधनासाठी रक्कम ठरवून तसा ठराव करून घ्यावा; ग्रामपंचायत आणि मुंबईचे ग्रामस्थ मंडळ या दोघांकडूनही अशा कामाला हातभार मिळू शकतो, मात्र मागणी लेखी असावी आणि तिच्यात नेमका खर्च दाखवलेला असावा.

तिसरी पायरी : पावसाळ्यात माती

जून ते सप्टेंबर या काळात कोकणातील हवा इतकी दमट असते की कागद मऊ पडतो, रंग वाळत नाही आणि गुंडाळून ठेवलेल्या चित्रांवर बुरशी येते. म्हणून रंगकाम पावसाळ्यात ठेवू नये. हे महिने मातीचे आहेत. गावोगावच्या गणेशचित्रशाळांतही तेव्हा काम सुरू असते, त्यामुळे मुलांनी वर्गात जे केले ते मोठ्या प्रमाणावर कसे होते, हे त्यांना चालत जाऊन पाहता येते.

माती मे महिन्यातच काढून ठेवावी. डोंगरावरची तांबडी जांभ्याची माती आकार धरत नाही; भातखाचराच्या तळाची किंवा नदीकाठची करडी चिकणमाती चालते. ती ओळखण्याची सोपी परीक्षा अशी, की ओल्या मातीची बोटाएवढी जाड वळी करावी आणि बोटाभोवती गुंडाळावी. वळीला थोड्याच बारीक भेगा पडल्या तर माती चांगली, ती तुटली तर तिच्यात वाळू जास्त आहे असे समजावे. काढलेली माती उन्हात वाळवून फोडावी, दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावी, हाताने कालवून जुन्या सुती कापडातून गाळावी आणि खाली बसल्यावर वरचे पाणी अलगद ओतून टाकावे. उरलेला गाळ गोणपाटावर पसरून कणकेइतका घट्ट झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. एका मुलाला एका वेळी अर्धा किलो माती पुरते. म्हणजे वीस मुलांच्या वर्गाला दहा किलो. शाडू विकत घेण्याची गरज नाही. पेणच्या मूर्तिकारांना लागणारा शाडू गुजरातेतून येतो आणि मूर्तीच्या बारीक कामासाठी तो चांगला असतो, पण शाळेच्या कामासाठी गावची माती पुरेशी आहे आणि ती कोठून आली हे मुलांना ठाऊक असते, याचे मोल मोठे आहे.

पहिल्या शनिवारी काहीही ‘बनवायला’ सांगू नये. गोळा, वळी आणि चपटी थापी हे तीनच आकार पुन्हा पुन्हा करून मोडू द्यावेत. दुसऱ्या वेळी अंगठ्याने दाबत दाबत वाटी करावी. तिची कड सगळीकडे सारख्या जाडीची येईपर्यंत ती मोडून पुन्हा करण्याची मुभा असावी. तिसऱ्या वेळी पाहून काम करायचे. त्यासाठी एखादी कुर्ली (खेकडा), बांगडा, गोगलगाईचा शंख किंवा फणसाची आठळी वर्गाच्या मध्यभागी ठेवावी आणि मुलांना तिच्याभोवती गोल बसवावे. दर दहा मिनिटांनी सर्वांनी एक जागा पुढे सरकायचे. समोरून दिसलेली कुर्ली आणि बाजूने दिसलेली कुर्ली यांत फरक आहे, हे मुलांच्या हातांना या सरकण्यातूनच कळते. तोंडी सांगून कळत नाही.

दोन भाग जोडताना दोन्ही पृष्ठे काडीने खरवडावीत, मधे पातळ चिखल लावावा आणि मग दाबावे. नुसते चिकटवलेले पाय वाळताना गळून पडतात. कोणताही भाग अंगठ्यापेक्षा जाड ठेवू नये, अन्यथा आतला ओलावा निघेपर्यंत बाहेर भेगा पडतात. वस्तू सावलीत, वर्तमानपत्राने सैल झाकून वाळवाव्यात. पावसात याला आठ-दहा दिवस सहज लागतात. सर्व वस्तू जपून ठेवण्याचा हट्ट नको. प्रत्येकाने आपली एकच वस्तू निवडावी आणि बाकीची माती पुन्हा भिजत घालावी. पहिली-दुसरीच्या मुलांना तर केलेले मोडण्यातही तितकाच रस असतो.

श्रावणात चित्रशाळेला भेट द्यावी. अनेक घरांतून गणपतीसाठी स्वतःचा पाट चित्रशाळेत दिला जातो; कोणाचा पाट कोणता, हे मुले लगेच ओळखतात. मूर्तिकाराला आधीच सांगून ठेवावे, की साच्यातून काढलेली मूर्ती आणि हाताने घडवलेली मूर्ती अशा दोन्ही दाखवाव्यात आणि डोळ्यांची आखणी मुलांसमोर करावी. मुलांनी तेथे प्रश्न विचारायचे आहेत. ते प्रश्न आदल्या दिवशी वर्गात तयार करून घ्यावेत. परत आल्यावर मात्र सर्वांना गणपतीच करायला लावू नये. चित्रशाळेत काय पाहिले ते ज्याला जसे दिसले तसे करू द्यावे. एखादे मूल मूर्तीऐवजी रंगाचे डबे किंवा पाटावर बसलेली मांजर करील, आणि ते काम अधिक लक्षपूर्वक केलेले असेल.

चौथी पायरी : घरचे रंग

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली, की रंगांकडे वळावे. पोस्टर कलरच्या बाटल्या थोड्या असाव्यात, पण सुरुवात घरच्या रंगांपासून करावी. जांभ्याची तांबडी माती किंवा गेरू, करवंटीचा कोळसा, हळद, तांदळाची पेज, आमसुलांचे पाणी आणि चुना एवढ्यावर संपूर्ण वर्गाचे काम होते. माती आणि कोळसा वस्त्रगाळ करून घ्यावेत. बाभळीचा किंवा काजूच्या झाडाचा डिंक एकास तीन पाण्यात रात्रभर भिजवावा, गाळावा, टिकण्यासाठी त्यात दोन-तीन लवंगा टाकाव्यात. दोन चमचे कोरड्या रंगात एक चमचा डिंकाचे पाणी आणि लागेल तसे साधे पाणी घालून खलावे. वाळल्यावर बोटाला रंग लागत असेल तर डिंक कमी पडला, रंगाला तडे जात असतील तर तो जास्त झाला.

हळदीत चुन्याची निवळी, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर उरलेले स्वच्छ पाणी, घातली की तांबडा रंग होतो. आमसुलाच्या लाल पाण्यात खाण्याचा सोडा घातला की त्याचा रंग पालटतो. हे प्रयोग विज्ञानाच्या तासाला जोडून घ्यावेत. हळदीचा रंग उन्हात उडतो, हेही मुलांना महिनाभर खिडकीत कागद ठेवून पाहू द्यावे. कुंचल्यासाठी बांबूची किंवा हिराची (माडाच्या पानाच्या शिरेची) काडी टोकाला ठेचून घ्यावी. कागदांत कार्यालयातील एका बाजूने कोरे कागद, जुन्या दिनदर्शिकांच्या पाठी आणि पोफळीची वाळलेली विरी (पानाचा रुंद देठ) हे सर्व चालते.

दोन गोष्टींत कडक राहावे. चुना केवळ शिक्षकाने हाताळावा आणि त्याची निवळीच वापरावी, कारण तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. काजूच्या बियांची ताजी टरफले कोणत्याही कामासाठी वर्गात आणू नयेत. त्यांच्यातील तेलाने कातडी भाजते, आणि मुले हौसेने ती उचलून आणतात.

याच साहित्याने कावी चित्रकलेचा परिचय करून देता येतो. दक्षिण कोकण आणि गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून आतला पांढरा रंग उघडा करीत नक्षी काढलेली आढळते. वर्गात यासाठी मातीची पातळ फरशी वाळवून तिच्यावर खडूच्या पुडीचा डिंकात कालवलेला जाड लेप द्यावा, तो वाळल्यावर गेरूचा हात द्यावा आणि हिराच्या काडीने खरवडावे. येथे रेषा घालण्याऐवजी रंग काढायचा असल्यामुळे, चित्रकलेत मागे राहणारी मुलेही निर्धास्तपणे हात चालवतात.

पालघर जिल्ह्यातील शाळांसाठी वारली चित्रे घरचीच आहेत. परंतु त्रिकोणांची माणसे आणि तारपा नाचाचे वर्तुळ फळ्यावरून उतरवून घेणे म्हणजे वारली चित्रकला शिकवणे नव्हे. लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि त्या लेखनाला विधीची मर्यादा असते, हे लग्नविधी करणाऱ्या एखाद्या धवलेरीकडून किंवा चौक लिहिणाऱ्या बाईकडून मुलांनी ऐकले पाहिजे. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून याच आकारांत मासेमारी, शेती, जंगल असे रोजचे जगणे कागदावर आणले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनीही त्याच वाटेने जावे, म्हणजे विधीचे चित्र विधीला राहू द्यावे आणि स्वतःच्या वाडीतले दिवस त्या आकारांत मांडावेत.

पाचवी पायरी : सड्यावर एक दिवस

रत्नागिरी व सिंधुदुर्गातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही ठिकाणे गोव्यातील फणसाईमाळासह २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे, की त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. ज्या शाळेला यांपैकी एखादी जागा एका दिवसात गाठता येते, तिने डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी लवकर जावे. त्याआधी गवत उंच असते आणि त्यानंतर कातळ तापतो.

जाण्यापूर्वी मुलांना नियम पक्के सांगावेत. कोरलेल्या भागावर पाय द्यायचा नाही, खोबणीत खडू, रांगोळी किंवा पाणी भरायचे नाही, दगड सरकवायचे नाहीत. शिल्पाच्या बाहेरून सुतळीने एक मोठा आयत आखावा, सुतळीवर दर मीटरला गाठ बांधावी आणि मुलांनी आलेखाच्या कागदावर एका मीटरला पाच सेंटिमीटर या प्रमाणात एकेक चौकट पाहून उतरवावी. गटांनी वेगवेगळे भाग वाटून घेतले, तर दीड तासात एका शिल्पाची प्रत तयार होते. पुढच्या शनिवारी तेच रेखाटन शाळेच्या पटांगणात मूळ मापात रांगोळीने वाढवावे. कागदावर वीतभर असलेला मासा पटांगणभर पसरतो, तेव्हा तो कोरणाऱ्याने एवढी मोठी रेषा वरून न पाहता कशी सांभाळली असेल, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात, आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

सहावी पायरी : दशावतारातून नाट्य

कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. शालेय नाट्यशिक्षणासाठी याहून चांगला पाया मला दिसत नाही. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आरंभी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर यांचा आडदशावतार होतो आणि मग आख्यान लागते. त्या आख्यानाची रूपरेषा प्रयोगापूर्वी नटांना सांगितली जाते आणि संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर बोलत बोलत घडवायचे असतात. समोरचा काय बोलला ते नीट ऐकल्याशिवाय येथे एक वाक्यही पुढे जात नाही. पाठांतरावर उभ्या असलेल्या शालेय नाटिकांत नेमकी हीच गोष्ट नसते.

प्रथम एखाद्या दशावतारी कलावंताला दिवसा शाळेत बोलवावे. त्याने पात्राचा प्रवेश कसा होतो, पखवाज आणि झांजेच्या ठेक्यावर पाऊल कसे पडते, राजा आणि राक्षस आवाज कसा वेगळा लावतात, एवढेच करून दाखवावे आणि मुलांकडून करून घ्यावे. पुढच्या तासाला कथा निवडावी. ती पुराणातली असू शकते किंवा वाडीतलीही. विहीर आटली, वानरांनी बाग लुटली, होडी परत आली नाही, अशा कथांत मुलांना बोलण्यासारखे पुष्कळ असते. कथेचे पाच प्रसंग करून ते फळ्यावर केवळ एकेका वाक्यात लिहावेत. पात्रे वाटल्यावर दोनच नियम ठेवावेत : समोरच्याचे बोलणे संपल्याशिवाय बोलायचे नाही, आणि त्याच्या बोलण्यातील एखादा शब्द धरूनच आपले बोलणे सुरू करायचे. एकदा प्रसंग झाला, की पात्रे बदलून तोच प्रसंग पुन्हा करावा. संवाद वहीत उतरवून घेण्याचा मोह शिक्षकाने टाळावा, कारण लिहिले की पाठांतर सुरू होते.

मुलांनी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न येथे येतोच. माझे स्पष्ट मत असे, की पात्रांनी घरची मालवणी, संगमेश्वरी, आगरी किंवा वारली बोली बोलावी. वर्गात गप्प बसणारे मूल घरच्या बोलीत राजा होऊन बोलू लागते आणि तेथून त्याचा आवाज पुस्तकाच्या भाषेतही मोकळा होत जातो. परंपरेत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत आले. शाळेत मात्र मुलींना राजा, राक्षस, संकासुर सर्व काही मिळाले पाहिजे, आणि हे पालकांच्या सभेत आधीच सांगून टाकावे. रंगभूषेसाठी कलावंतांच्या पेटीतील रंग मुलांच्या चेहऱ्याला लावू नयेत. तांदळाचे पीठ, हळद, कुंकू पुरते, आणि तेही आधी हातावर लावून पाहावे.

रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम नमन-खेळे या लोकनाट्याच्या आधाराने होईल. जाखडीचा गोल, पायातील चाळ आणि शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब यांत ताल आणि कवित्व दोन्ही शिकता येतात. पाचवीच्या पुढची मुले दोन गट करून एकमेकांना कवनातून कोडी घालू लागतात. भाद्रपदात आणि शिमग्याला चाकरमानी गावी आलेले असतात, त्यांच्यातील जुन्या गायकांना त्या दिवसांतच गाठावे.

सातवी पायरी : चित्र हातात धरून गोष्ट सांगणे

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि तेथील संग्रहालय शाळांनी आवर्जून पाहण्यासारखे आहे. चित्रकथीत एका कथेची सुटी चित्रे एका पोथीत असतात आणि कथेकरी गात गात एकेक चित्र पुढे करतो. वर्गात चार मुलांच्या गटाने एका गोष्टीची आठ चित्रे काढावीत, दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून खळीने चिकटवावीत आणि चित्र दाखवताना त्यातील गोष्ट सांगावी. सर्व प्रसंग चित्रात आले पाहिजेत असे नाही. कोणता क्षण चित्राला द्यायचा आणि कोणता बोलण्याला, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे.

सावंतवाडीच्या आसपासच्या शाळांनी राजवाड्यातील गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते, पाहावी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे एकशे वीस गोल पत्ते असतात. मुलांनी आपल्या गावाचे चार ‘रंग’ ठरवून, उदाहरणार्थ माड, मासा, भात आणि होडी, पुठ्ठ्याचे लहान जोड तयार करावेत आणि त्यांवर खेळण्याचे नियमही स्वतः रचावेत.

शासकीय रेखाकला परीक्षांविषयी थोडेच सांगणे आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा माध्यमिक मुलांनी जरूर द्याव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. परंतु वस्तुचित्र व स्मरणचित्र यांची तयारी म्हणून बाजारातील नमुने गिरवून घेऊ नयेत. वर सांगितल्याप्रमाणे पाहून काम केलेल्या मुलांना या परीक्षांसाठी दोन महिन्यांचा सराव पुरतो.

आठवी पायरी : नोंद आणि मूल्यमापन

प्रत्येक मुलाची एक संचिका असावी. दोन जुने पुठ्ठे आणि नाडी एवढ्यात ती होते. महिन्याअखेर मुलाने त्या महिन्यातील एक काम निवडून त्यात ठेवावे आणि मागे तारखेसह दोन वाक्ये लिहावीत : हे का निवडले आणि पुन्हा केले तर काय बदलीन. मातीच्या कामाचे व नाट्याचे छायाचित्र किंवा मुलाने काढलेले रेखाटन चालेल. वर्णनात्मक नोंदी लिहिताना शिक्षकाने ‘चित्र छान काढतो’ असे लिहू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही. ‘वस्तू फिरवून पाहतो’, ‘जोड तुटल्यावर कारण शोधले’, ‘समोरच्याचे ऐकून संवाद पुढे नेते’ अशी पाहिलेली गोष्ट लिहावी. पाचवीपर्यंत कलेत क्रमांक आणि बक्षिसे देऊ नयेत. वर्गातील पहिले चित्र ठरले, की पुढच्या शनिवारी बाकीच्या मुलांच्या कागदांवर त्याच चित्राच्या नकला दिसू लागतात.

प्रदर्शन शिमग्याच्या सुट्टीच्या आधी भरवावे. गावकरी घरी असतात आणि हवा कोरडी असते. चित्रांखाली मुलांची दोन वाक्येही लावावीत आणि ज्या कलावंतांनी शिकवले त्यांची नावे प्रवेशद्वाराशी मोठ्या अक्षरांत लिहावीत.

एप्रिलच्या शेवटी कलेची नोंदवही पूर्ण करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या बदल्या होतात आणि एका माणसाबरोबर सगळा उपक्रम निघून जातो. म्हणून माती कोणत्या शेतातून आणली, कोणाची परवानगी घेतली, कोणत्या कलावंताला कोणत्या महिन्यात सवड असते, मानधन किती ठरले, कोणता तास फसला आणि कशामुळे, हे सर्व वहीत लिहून ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. संचिका पावसाळ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर उचलून ठेवाव्यात आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे तेही त्याच वहीत लिहावे.